डब्यांचं सॉफ्टवेअर कुणाच्या जागेत? व्हॉट्सॲप, प्ले स्टोअर की स्वतःची वेबसाइट

माझी भाची आणि तिचा मित्र परळ-लालबागमध्ये घरगुती डबे करणाऱ्या काकूंसाठी सॉफ्टवेअर बनवताहेत. उद्याच्या ऑर्डरी, खाडे, महिन्याचा हिशेब. "मामा, हे बांधायचं कशावर?" असं तिने विचारलं. अशाच पेचात असलेल्या इतरांसाठीही हे लिहितोय.

भाड्याच्या जागेत धंदा काढण्यात कमीपणा नाही. मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर कितीतरी दुकानं चालतात. बघायचं ते एवढंच, की मालकाने उद्या कुलूप बदललं तर गिऱ्हाईक तुमचा नवा पत्ता शोधत येईल का.

व्हॉट्सॲप

काकू आणि गिऱ्हाईक दोघंही तिथे आधीपासूनच आहेत. कुणाला काही डाउनलोड करायला सांगावं लागत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत या फायद्याला तोड नाही.

पण बिझनेस एपीआयचे, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपला जोडायच्या सोयीचे, नियम वाचा. गिऱ्हाईकाने मेसेज केला की 24 तास मोकळेपणी बोलता येतं. त्यानंतर व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाने आधी मंजूर केलेला टेम्प्लेटच, म्हणजे ठरलेल्या साच्यातला मेसेजच जातो, पैसे मोजून. जुलै 2025 पासून आकारणी मेसेजमागे आहे आणि जाहिरातीचा मेसेज ऑर्डरच्या पोचेपेक्षा महाग पडतो. ‘उद्या अळूचं फदफदं आहे, ठेवू का?’ हा काकूंच्या लेखी साधा निरोप. मेटाच्या लेखी ती जाहिरात ठरू शकते.

नियमही बदलतात. ऑक्टोबर 2025 मध्ये मेटाने सर्वसाधारण एआय चॅटबॉटना या एपीआयवर मज्जाव जाहीर केला, 15 जानेवारी 2026 पासून. ऑर्डर घेणारा बॉट त्यात येत नाही, हे खरं. पण चॅटजीपीटीलाही तिथून बिऱ्हाड हलवावं लागलं, तिथे परळच्या दोघांची काय कथा?

प्ले स्टोअर

कमिशनची धास्ती इथे थोडी अनाठायी आहे. ते ॲपमधल्या डिजिटल विक्रीवर असतं, डब्यासारख्या वस्तूवर नाही. सॉफ्टवेअरचं मासिक शुल्क काकूंकडून ॲपमध्येच घेतलंत तर मात्र प्रश्न येतो. 2021 मध्ये गुगलने वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर कमाईवर हे कमिशन 15 टक्क्यांवर आणलं.

खरी भीती ॲप गायब होण्याची. 1 मार्च 2024 ला शुल्काच्या वादातून गुगलने शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम अशी नावाजलेली ॲप काढून टाकली. सरकार मध्ये पडलं, ॲप काही दिवसांत परतली. त्यांच्यासाठी मंत्री बोलले. तुमच्यासाठी नगरसेवकही बोलणार नाही. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये प्ले स्टोअरच्या धोरणांबद्दल गुगलला 936.44 कोटींचा दंड केला होता. अपिलात मार्च 2025 मध्ये तो 216.69 कोटींवर आला. दंड सरकारजमा होतो, बुडालेल्या छोट्या कंपनीच्या हाती त्यातलं काही येत नाही.

स्वतःची वेबसाइट

कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि आत चिटपाखरू नाही. यूपीआयने पैसे घेणं सोपं झालं, जानेवारी 2020 पासून दुकानदाराला त्यावर एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्कही नाही. पण लिंक कुणी उघडावी म्हणून शेवटी व्हॉट्सॲपवरच पाठवावी लागते. ओएनडीसी, म्हणजे सरकारी पुढाकाराने उभं राहिलेलं ऑनलाइन खरेदी-विक्रीचं खुलं जाळं, हा चौथा रस्ता आहे. रोजच्या ठरलेल्या डब्यासाठी मला तो लांबचा वाटतो.

मी काय निवडेन

व्हॉट्सॲपने सुरुवात, पण वही आपली. प्रत्येक ऑर्डर, पत्ता, खाडा त्याच क्षणी स्वतःच्या डेटाबेसमध्ये. पैसे यूपीआयने थेट काकूंच्या खात्यात. साधी वेबसाइट पहिल्या महिन्यापासून, कुणी बघो न बघो.

वहीवर एवढा जोर का? डबेवाल्यांचा प्लॅटफॉर्म तर शब्दशः रेल्वेचा. मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या आणि 1890 पासूनचं ते काम थांबलं. कुणाचा डबा कुठल्या दारातून घ्यायचा, हे मात्र त्यांच्याच डोक्यात राहिलं. उलट ओळखीच्या एका फराळवाल्या बाईंचं एका ॲपवरचं खातं ऐन वसुबारसेला बंद झालं, कारण फक्त ‘नियमभंग’. ते परत मिळेपर्यंत तुळशीची लग्नं उरकली होती. डायरीत चाळीसेक नंबर होते म्हणून निम्मा फराळ तरी खपला.

आणखी एक: व्हॉट्सॲपला जोडायचं सिम जोडणी करून देणाऱ्या एजन्सीच्या नावावर घेऊ नका. भाचीला सगळ्या काकूंसाठी एकच नंबर हवाय, स्वस्त पडतो म्हणून. पडेलही. पण तो बंद झाला तर एका दुपारी सगळ्या चुली एकदम थंड. प्रत्येकीचा वेगळा नंबर म्हणजे तितक्या वेळा कागदपत्रं, तितक्या वेळा मंजुरी. मी वेगळ्या नंबरांच्या बाजूने आहे, तिचा मित्र नाही. रविवारी लालबागच्या दोन काकूंना विचारून ठरवणार आहेत.