१८२० ची रेघ की १८५४ चं मतदान?

अमेरिकी यादवीवर प्रोजेक्ट करणाऱ्या भाचीला प्रश्न पडलाय: १८२० ची मिसुरी तडजोड घेऊ की १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा?

टिकाऊपणात १८२० सरस. मिसुरी गुलामीचं राज्य, मेन मुक्त, म्हणजे सेनेटमध्ये बरोबरी. फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियानाच्या उरलेल्या प्रदेशात ३६°३०′ अक्षांशाच्या उत्तरेला गुलामी बंद. ही रेघ ३४ वर्षं टिकली. अर्थात गुलामांच्या वाट्याला त्यातून काहीच आलं नाही.

१८५४ चा कायदा सेनेटर स्टीफन डग्लसचा. ती रेघ पुसून ‘गुलामी हवी की नको हे स्थानिकांनीच ठरवावं’ म्हटलं. ऐकायला लोकशाही, प्रत्यक्षात बोगस मतदान! मार्च १८५५ मध्ये मिसुरीतून सशस्त्र टोळ्या कॅन्ससमध्ये घुसल्या आणि पात्र मतदारांच्या दुपटीहून जास्त मतं पडली. मे १८५६ मध्ये गुलामीसमर्थकांनी कॅन्ससमधलं गुलामीविरोधकांचं लॉरेन्स शहर लुटलं. लगेच कट्टर गुलामीविरोधक जॉन ब्राउनच्या माणसांनी कॅन्ससमधल्याच पॉटावाटोमीला गुलामीसमर्थक पाच जणांना घराबाहेर ओढून मारलं. या कायद्यावरून व्हिग हा जुना पक्ष मोडला, गुलामीच्या प्रसाराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. त्याचाच लिंकन १८६० मध्ये निवडून आला.

नकाशे कमी आहेत, पुरावे सुटसुटीत हवेत, तर १८२०. युद्ध १८६१ मध्येच का पेटलं हे दाखवायचं असेल, तर १८५४. मेहनत जास्त पडेल, पण मी तेच घेतलं असतं.