वॉकिंग सिम्युलेटर गेम्स, ८ महिन्यांच्या वापरानंतर: लेबल चालेल, पण सेव्ह कधी होतं ते सांगा

लढाई नसलेल्या, फिरून-शोधून खेळायच्या गेम्सबद्दल लोक बोलतात ते कथेवर, संगीतावर, देखाव्यांवर. ८ महिन्यांनंतर माझी पहिली ओळ सेव्हबद्दल आहे. गेम कधी सेव्ह होते, हातानं सेव्ह करता येतं का, दोन सेव्हच्या मध्ये किती वेळ जातो, यातलं काहीच स्टीमसारख्या ऑनलाइन गेम-दुकानाच्या पानावर धडपणे लिहिलेलं नसतं. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा लाइन जाते, पहिल्या वादळात डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) उडते, अशा गावात गेम घेण्याआधी हेच कळायला पाहिजे.

मशीन जुना आय-थ्री डेस्कटॉप, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. त्यावर डिअर एस्थर, प्रोटियस, गॉन होम, द व्हॅनिशिंग ऑफ ईथन कार्टर, फायरवॉच आणि अ शॉर्ट हाइक. आउटर वाइल्ड्स या मशीनच्या आवाक्यातली नाही, ती कार्ड असलेल्या मशीनवर. रिझोल्यूशन ७२० वर आणायचं, आधी सावल्या कमी करायच्या, मग झाडं-गवत, आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ३० वर बांधून टाकायच्या. कधी ५० कधी २० पेक्षा सलग ३० बरे, कारण संथ चालीच्या फर्स्ट पर्सन गेममध्ये फ्रेम उड्या मारायला लागल्या की डोकं गरगरतं. हेड-बॉब (चालताना पडद्याचं वरखाली हलणं) बंद करता येत असेल तर तेही करा. ग्राफिक्सचं एवढंच.

आता सेव्ह. मारामारीच्या गेममध्ये खेळणारा सारखा मरतो, म्हणून बनवणाऱ्याला थोड्या-थोड्या अंतरावर चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा) ठेवावाच लागतो. या गेम्समध्ये बहुतेक ठिकाणी मरणंच नाही, त्यामुळे ती निकड जाणवत नाही. कथेचा एक टप्पा झाला की सेव्ह. टप्प्याच्या अलीकडं तुम्ही पाऊण तास फिरलात, चार चिठ्ठ्या वाचल्या, वाट चुकून परत आलात, तर त्याची नोंद राहतेच असं नाही. लाइन गेली की तो पाऊण तास गेला.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण ईथन कार्टर. २०१४ ची मूळ आवृत्ती कोडं पूर्ण सुटल्यावरच सेव्ह होते, आणि नकाशा एवढा मोकळा की दोन कोड्यांच्या मध्ये भरपूर पायपीट होते. सुरुवातीलाच गेम बजावते की हात धरून नेणार नाही, ते आवडलं. पण हात सोडणं वेगळं आणि पाऊलखुणा पुसणं वेगळं. २०१५ मध्ये अनरियल ४ या इंजिनावर (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर) रिडक्स आवृत्ती आली, तीत सेव्हची पद्धत सुधारली आणि मागं-पुढं चालणंही कमी केलं. अडचण अशी की रिडक्स मशीनला जड पडते. जुनी हलकी पण सेव्ह वाईट, नवी सेव्हला चांगली पण कार्ड मागते. लाइन भरवशाची नसेल आणि कार्ड असेल तर रिडक्सच घ्या.

ज्या गेम्स आपोआपच सेव्ह होतात, त्यांच्यासाठी एक काम नेमानं करा. फायरवॉच, गॉन होम, अ शॉर्ट हाइक, आउटर वाइल्ड्स या चारही युनिटी इंजिनावरच्या. युनिटीच्या गेम्सच्या सेव्ह फाइल बहुधा एकाच ठिकाणी सापडतात. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू करा, मग सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या नावाचा फोल्डर, अ‍ॅपडेटा आणि त्यात लोकललो. तिथं गेम बनवणाऱ्यांच्या नावाचा फोल्डर दिसतो. गेम पूर्ण बंद करून तो फोल्डर तारीख टाकून दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. नेमकी फाइल लिहिली जात असतानाच लाइन गेली तर ती शून्य केबीची होऊन बसते आणि गेम नव्यानं सुरू होते. अशा वेळी कालची कॉपी परत टाकायची. स्टीमवर क्लाउड (सेव्हची नेटवरची कॉपी) चालू असेल तर नेट लागल्यावर क्लाउडवरची ठेवायची की मशीनवरची असं विचारू शकतं. घाईनं बटण दाबू नका, तारीख-वेळ बघून निवडा.

इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. घरगुती इन्व्हर्टरवर बरेचदा एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असेल तर बॅटरीवर जायला थोडा जास्त वेळ लागतो. पंख्याला फरक पडत नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर पाहिजे. पण यूपीएस मोड साधारण १८० ते २६० व्होल्टच स्वीकारतो. रब्बीत हरभऱ्या-गव्हाच्या मोटरी सुरू झाल्या की कितीतरी गावांत व्होल्टेज त्याच्या खाली उतरतं. मग लाइन असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि बॅटरी गुपचूप रिकामी होते. म्हणून बटण यूपीएसवर ठेवलं की बॅटरीच्या लाइटकडं लक्ष ठेवा. मॉनिटरचा प्लगही इन्व्हर्टरच्याच बोर्डात लावा. सीपीयू इन्व्हर्टरवर आणि मॉनिटर साध्या लाइनवर ही चूक सर्रास होते. पडदा काळा झाल्यावर गेम बंद कशी करणार?

लेबलाबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं, तेही नोंदवतो.

पहिले ४-५ महिने वॉकिंग सिम्युलेटर हे नाव मला अन्यायाचं वाटायचं. २०१२ मध्ये डिअर एस्थर स्वतंत्र गेम म्हणून आली. तिच्यात पळायचं बटण नाही, उडी नाही, वस्तू उचलणं नाही. बेटावर चालायचं आणि निवेदन ऐकायचं. 'ही कसली गेम, नुसतं चालायचं' असा टोमणा म्हणून हे नाव अशा गेम्सना चिकटलं. २०१४ पासून स्टीमवर टॅग लोकच लावायला लागले, तेव्हा टोमण्याचा टॅग झाला. शिवाय नाव चुकीचंही आहे. गॉन होममध्ये खरं काम कपाटं-खण उघडून कागद वाचण्याचं आहे. फायरवॉचमध्ये काम नकाशा वाचण्याचं आहे: एका हातात कागदी नकाशा, दुसऱ्यात होकायंत्र, आणि १९८९ मधलं वायोमिंगचं शोशोन जंगल. नकाशावर तुमची जागा दाखवणारी खूण सेटिंगमधून बंद होते, ती पहिल्याच दिवशी बंद करा. मग पांदणीनं वावरात जाताना निंबापासून डावीकडं, धुरा संपला की नाला, असं लक्षात ठेवत जातो तसं खडक, तळं, मनोरा धरून चालावं लागतं. दहा मिनिटांत नकाशा न उघडता दिशा कळायला लागते. मला या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा आनंद तिथं मिळाला, आणि 'चालणं' या शब्दात त्याचा पत्ता नाही.

तरी मत बदललं, ते टॅग वापरून शोधायला लागल्यावर. अ‍ॅडव्हेंचर टॅग लावून शोधा, तलवारी-बंदुका येतात. एक्सप्लोरेशन लावा, ओपन वर्ल्डच्या ६०-७० जीबीच्या गेम्स येतात. वॉकिंग सिम्युलेटर लावलं की बहुतेक तेच येतं जे पाहिजे: लढाई नाही, बटणं मोजकी, २ ते ५ तासांत संपणारी गोष्ट. टोमणा होता, पण खूण पक्की निघाली. इंटरॅक्टिव्ह फिक्शन, नॅरेटिव्ह एक्सपिरियन्स ही सभ्य नावं लावली तर हाती काहीही लागतं. नागपूरच्या रस्त्यावरच्या प्रत्येक ढाब्यावर सावजी लिहिलेलं असतं, त्यातलाच हा प्रकार.

गेम्सची बरीच लेबलं पूर्वजाच्या नावावरून पडली आहेत. १९८० च्या रोग (Rogue) या गेमवरून रोगलाइक. १९९३ मध्ये डूम आली, त्यानंतर कितीतरी वर्षं तशा गेम्सना डूम क्लोन म्हणत. तशा गेम्स वाढत गेल्या आणि फर्स्ट पर्सन शूटर हे नाव रुळलं. अ‍ॅडव्हेंचर हा प्रकारसुद्धा एका गेमचंच नाव. विल क्राउथर हा गुहा धुंडाळणारा प्रोग्रामर. त्यानं १९७६ च्या सुमारास केंटकीच्या मॅमथ केव्हवरून अक्षरांत चालणारी गेम लिहिली, पुढं डॉन वुड्सनं ती वाढवली. तिच्यात मुख्य काम गुहेत वाट शोधण्याचं. ज्या टॅगखाली आज वाट शोधायच्या गेम्स सापडत नाहीत, त्याचं नाव वाट शोधायच्या गेमवरून पडलं आहे. पूर्वज न पाहिलेल्याला असं लेबल काही सांगत नाही. त्या मानानं 'चालणं' निदान एक क्रियापद तरी आहे.

पण लेबलानं तिथंच थांबू नये. सोयाबीन बियाण्याच्या पिशवीवर उगवण किमान ७० टक्के, शुद्धता, लॉट नंबर, तपासणीची तारीख छापलेली असते, आणि कास्तकार ती वाचल्याशिवाय पिशवी उचलत नाही. गेमच्या पानावरही तसंच पाहिजे: सेव्ह आपोआप की हातानं, एका बैठकीला किती मिनिटं, पळायचं बटण आहे की नाही, सबटायटलचं अक्षर मोठं होतं का. पळायच्या बटणाचं सांगतो. २०१५ च्या एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चरमध्ये वेग वाढवण्याची सोय होती. कंट्रोलरचं आर-टू बटण दाबून धरलं की चाल हळूहळू वाढत जाते. ते ठळकपणे कुठं सांगितलं नव्हतं, गेम आल्यावर बनवणाऱ्यांना खुलासा करावा लागला. तोवर 'वॉकिंग सिम्युलेटर म्हणजे रटाळ' हे मत पक्कं होऊन गेलं होतं.

पैशाचं. रुपयाला किती तास या हिशोबानं या गेम्स महागच ठरतात. डिअर एस्थर दीड तासाची, अ शॉर्ट हाइकही साधारण तेवढीच. पूर्ण किमतीला घेऊ नका, सेलपर्यंत थांबा. डिअर एस्थरमध्ये निवेदनाचे तुकडे प्रत्येक वेळी बदलून येतात, म्हणून ती दुसऱ्यांदा खेळली तरी पैसे वसूल. आणि एक गोष्ट करू नका. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेली गेम परत करता येते. दीड तासाची गेम पूर्ण संपवून परत करणं हे हॉटेलात ताट चाटून बिल न देणं आहे. २०२१ मध्ये समर ऑफ ५८ या छोट्या गेमच्या कर्त्यानं याच कारणानं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं.

मोबाइल डेटावर घेत असाल तर शॉर्ट हाइकपासून सुरुवात करा, अर्ध्या जीबीच्या आत आहे आणि जुन्या मशीनवर सहज चालते. ४-५ जीबीची गेम दोन-तीन रात्रींत तुकड्या-तुकड्यानं उतरवा, थांबवली तरी डाउनलोड तिथूनच पुढं चालू होतं. दिवसाचा उरलेला डेटा रात्री ११ नंतर वापरायचा आणि बाराला नवा लागला की पुढं ओढायचं. उतरल्यावर नेट असतानाच एकदा गेम चालवा, मगच स्टीम ऑफलाइन करा. नाहीतर रेंज नसेल त्या दिवशी ती उघडणार नाही.

सेव्हच्या कसोटीवर सगळ्यांत पुढं आउटर वाइल्ड्स. तिच्याबद्दल काहीच कळू द्यायचं नसेल तर इथं थांबा. तिच्यात एक फेरी २२ मिनिटांची, मग सगळं पहिल्यापासून. वस्तू साठत नाहीत, ताकद वाढत नाही. पुढं नेता येतं ते फक्त कळलेलं. सुरुवातीला यान उडवायचा कोड मिळवण्यासाठी गावभर बोलत वेधशाळेपर्यंत जावं लागतं, पुढच्या फेऱ्यांत शेकोटीपाशी डोळे उघडले की थेट यानाकडं निघायचं, कारण कोड आता माहीत आहे. मध्येच लाइन गेली तर जास्तीत जास्त एक फेरी जाते, आणि त्या फेरीत जे कळलं ते डोक्यात राहतंच. एवढी एक गेम इन्व्हर्टर नसलेल्या घरातही बिनधास्त खेळा, फक्त ग्राफिक कार्डाची सोय करून ठेवा.