32 रुपये सारा, एक मत: मुंबई कायदेकौन्सिलच्या निवडणूक-संचाचं परीक्षण

बेळगावातल्या एका छोट्या छापखान्याने मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत काढलेला हा संच आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी आहे. मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलवर बेळगाव जिल्ह्यातून सभासद कसा निवडला जाई, ते मुलांनी वर्गातच करून पाहायचं. किंमत 1,150 रुपये. खोक्यात 64 उतारा-कार्डं, मतदारयादीची कोरी वही, चार उमेदवारी अर्ज, 50 मतपत्रिका, अनामतीच्या नकली नोटा, पुठ्ठ्याची मतपेटी, जिल्ह्याचा फ्लेक्स नकाशा, कालपट्टी आणि 16 पानी पुस्तिका निघते. 40 मुलांना पुरतो. लागोपाठच्या दोन तासिका हव्यात. एका तासिकेत उरकायला गेलं तर यादीच पुरी होत नाही, आणि यादी हाच या संचाचा जीव आहे.

उतारा-कार्डं उत्तम झाली आहेत. प्रत्येक कार्डावर खातेदाराचं नाव, गाव, सर्व्हे नंबर आणि सरकारी आकार, म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा, रुपये-आणे-पैत दिला आहे. 1919 च्या कायद्याखाली ग्रामीण मतदारसंघात जमिनीच्या जोरावर मताचा हक्क हवा तर आकार निदान 32 रुपये लागे. पंचमहाल आणि रत्नागिरी अशा मोजक्या जिल्ह्यांत तो 16 रुपयांवर होता. बेळगावला ती सवलत नव्हती. मुलांनी एकाच खातेदाराची कार्डं शोधायची, बेरीज करायची आणि 32 ला पोचणाऱ्याचंच नाव वहीत चढवायचं.

इथे पहिली अडचण ठरलेली आहे. मुलं 19 रुपये 8 आण्यांचे 19.8 करतात आणि दशांशात बेरीज मारतात. म्हणून कार्डं वाटण्याआधी फळ्यावर लिहा: 12 पै म्हणजे 1 आणा, 16 आणे म्हणजे 1 रुपया. मग चिकोडी तालुक्यातल्या एका खातेदाराची दोन कार्डं हातात द्या. एकावर 14 रुपये 12 आणे 6 पै, दुसऱ्यावर 17 रुपये 3 आणे 6 पै. बेरीज बरोब्बर 32 रुपये येते आणि तो मतदार होतो. संच करणाऱ्यांनी हे जोडकार्ड मुद्दाम घातलं आहे आणि त्यांची समज तिथे दिसते. ‘32 च्या वर’ आणि ‘32 पेक्षा कमी नाही’ यांतला फरक मुलांना एका पैवर कळतो.

इनामाचं कार्ड जास्त अवघड आहे. त्यावर जुडी (इनाम जमिनीवरचा सवलतीचा सारा) 9 रुपये आणि पूर्ण आकार 41 रुपये, असे दोन आकडे आहेत. बहुतेक गट 9 बघून कार्ड बाजूला टाकतात. ते चूक आहे. इनामदार सरकारला प्रत्यक्ष किती भरतो हे बघायचं नसे; त्या जमिनीवर किती आकार बसला असता, तो धरायचा. एकत्र कुटुंबाचंही तसंच. तीन भावांच्या सामाईक खात्यावर 40 रुपये आकार असेल तर खातं पात्र ठरतं, पण मत एकच, आणि ते कर्त्याचं. पुस्तिकेत हा नियम आहे, पण पान 11 च्या तळटीपेत. तो पहिल्या पानावर यायला हवा होता, कारण आपल्याकडच्या गावांत सामाईक खातीच फार.

सगळं नीट केलं तर पहिल्या, म्हणजे 1920 च्या फेरीच्या यादीत बिगर-मुसलमान मतदार सातच निघतात; मुसलमानांची यादी वेगळी. तिथे वर्ग गप्प होतो आणि मग प्रश्न सुरू होतात. कुणीतरी विचारतंच की घराच्या भाड्यावर, प्राप्तिकरावर मताचा हक्क मिळत नव्हता का. मिळत होता, पण त्याची कार्डं संचात नाहीत. शिक्षकाने तोंडी सांगावं.

दुसरी फेरी 1923 ची. मुंबई कौन्सिलने 1921 मध्ये स्त्रियांवरची मताधिकाराची बंदी उठवली. त्यामुळे स्वतःच्या नावावर पुरेसा आकार असलेली दोन विधवांची कार्डं, जी पहिल्या फेरीत बाद होतात, ती आता आत येतात आणि यादी नऊची होते. कार्डं तीच, गावं तीच, आकारही तोच. या फेरीसाठी वेळ राखून ठेवाच.

आता चुका. अनामतीचा नियम आजचा छापला आहे. त्या काळी उमेदवाराला 250 रुपये भरावे लागत आणि एकूण मतांच्या एक-अष्टमांशही मतं पडली नाहीत तर ते जप्त होत. पुस्तिकेत मात्र एक-षष्ठांश आहे, तो स्वतंत्र भारतातला नियम. सात मतदारांच्या खेळात याने निकाल बदलतो. एक मत पडलेला उमेदवार एक-षष्ठांशाने अनामत गमावतो, एक-अष्टमांशाने वाचवतो. पुस्तिका वाटण्याआधी पेनाने दुरुस्त करा.

नकाशातली चूक जास्त खटकते, कारण ती घराजवळची आहे. शहापूर थेट बेळगावच्याच रंगात रंगवलं आहे. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि कौन्सिलचा मतदारसंघ ब्रिटिश हद्दीपुरता. आज रस्ता ओलांडून ज्या पेठेत जायचं, ती त्या मतदारसंघाच्या बाहेर होती. फ्लेक्सवर मार्करने सीमा काढावी. पेन्सिल त्यावर उमटत नाही. बेळगाव शहराला वेगळी जागा दाखवलेली नाही, ते मात्र बरोबर आहे. पुणे आणि सोलापूरला स्वतंत्र शहरी जागा होत्या, बेळगावला नव्हती.

मुसलमान खातेदारांची कार्डं वेगळ्या यादीसाठी दिली आहेत. विभक्त मतदारसंघ, म्हणजे मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ, 1909 पासून होते, तेव्हा हे योग्यच. पण मतपत्रिका सगळ्या एकाच रंगाच्या, आणि पेटीही एकच. मतं मिसळतात आणि मोजणीत घोळ होतो. 10 मतपत्रिकांची हिरव्या कागदावर झेरॉक्स काढून ठेवली आणि खडूच्या डब्याची दुसरी पेटी केली की भागतं.

कालपट्टी घाईत केलेली दिसते. 1861 च्या कायद्याखाली गव्हर्नर सभासद नेमत असे, कौन्सिलची पहिली बैठक 22 जानेवारी 1862 ला झाली, हे ठीक. पण 1892 च्या चौकटीत सरळ ‘निवडणूक सुरू’ असं छापलं आहे. त्या कायद्यात निवडणूक हा शब्दच टाळलेला होता. नगरपालिकांचे आणि लोकल बोर्डांचे गट, विद्यापीठ, व्यापारी मंडळ अशांनी नाव सुचवायचं आणि गव्हर्नरने नेमायचं. टिळक 1895 मध्ये मध्य विभागाच्या लोकल बोर्डांकडून गेले ते याच वाटेने. बेळगाव दक्षिण विभागात होतं, त्या विभागाच्या कमिशनरचं ठाणंच इथे होतं; पट्टीवर त्याचा एक शब्द नाही.

शेवटची चौकट 1937 ची. आकार 8 रुपयांवर आल्यामुळे यादी लांबते, ते मुलांना करून बघायला आवडतं. पण वर ‘कौन्सिल’ लिहिलं आहे. 1935 च्या कायद्याने 175 जागांची विधानसभा आली आणि कौन्सिल हे वरचं सभागृह झालं. ही फेरी विधानसभेची आहे. मथळ्यावर कागदाची पट्टी चिकटवा.

एक उणीव मनाला लागते. 1920 च्या निवडणुकीवर काँग्रेसचा बहिष्कार होता. कौन्सिलात काँग्रेसच्या वतीने स्वराज्य पक्षाने, म्हणजे कौन्सिलात जावं म्हणणाऱ्या काँग्रेसवाल्यांच्या पक्षाने, काम करावं, या करारावर गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या 1924 च्या अधिवेशनाने शिक्कामोर्तब केलं, आणि ते अधिवेशन इथल्याच टिळकवाडीत झालं. त्या अधिवेशनासाठी खणलेल्या काँग्रेस विहिरीवरून मुलं रोज शाळेत जातात. या संचात त्यासाठी एक कार्ड हवंच होतं. डॉ. आंबेडकर कौन्सिलवर निवडून नव्हे, नेमणुकीने गेले, हेही कुठे नाही. कायद्याने ठरलेल्या 111 जागांपैकी 86 निवडणुकीच्या होत्या; उरलेल्या कशा भरत, हे त्यावरून छान सांगता आलं असतं.

कार्डांचा कागद जाड आहे, वर्षभर टिकेल. मतपेटीची फट अरुंद आहे, ब्लेडने थोडी वाढवावी. कन्नड मजकुरात आणे-पैचे आकडे दोन कार्डांवर मराठीपेक्षा वेगळे छापले गेले आहेत, ती कार्डं मराठी बाजूने वाचावीत. या दुरुस्त्यांसकट संच जरूर घ्यावा; खानापूर आणि निपाणीकडच्या शाळांनी आपल्या गावातले जुने खातेउतारे जोडून आणखी कार्डं केली, तर वहीत त्यासाठी चार कोरी पानं आहेत.