माळवदाखालचं ५जी

"मालक, ५जी घेतलाव म्हणं. मग आता तरी फॉर्म लवकर निघतील का?"

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला निदान शंभर जणांनी विचारला असेल. उत्तर देताना दर वेळी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो. आज नीट लिहून टाकतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात आमच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, फार्मर आयडी, ई-केवायसी, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि कुणाचा फोन अडकला तर तोही बघायचा. २०२४ च्या दिवाळीला मी १३ हजारांचा ५जी फोन घेतला. आधीचा ४जी फोन धडधाकट होता, काचेला फक्त एक चीर होती. म्हणजे घेतला हौसेनं, आणि घरात सांगितलं "कामाला लागतो".

दुकानातून फोन घेऊन आलो, सिम टाकलं. सिम जुनंच चालतं, ५जीसाठी वेगळं मागायची गरज पडली नाही. वर कोपऱ्यात ५जी दिसलं, मी खूश. उंबरा ओलांडून आत गेलो आणि ५जी गेलं. परत ओसरीवर आलो, ५जी आलं. बायको म्हणाली, "असं काय करायलाव आत-बाहेर, पाहुणे आल्यावानी?"

कारण आमचं घर. घर माळवदाचं आहे. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, वर लाकडी आड्यांवर फळ्या, आणि त्यावर दीड-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात बऱ्याच जणांनी माळवदं उतरवली, आजोबांनी नाही उतरवलं. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना आत पंख्याशिवाय झोप लागते, त्याचं श्रेय त्या मातीला. पण ऊन अडवणारी माती ५जीलाही अडवते, हे आजोबांना कुठून माहीत असणार.

मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून घरभर स्पीड टेस्ट लावत फिरलो. माळवदावर चढून ३१० एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला तेवढे मेगाबिट). ओसरीवर १८०. मधल्या खोलीत, जिथं माझं टेबल, प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन आहे, तिथं ५जी गायब आणि ४जीचे १४. आणि माळवदाला उजेडासाठी जे भोक ठेवलेलं असतं, त्याच्या बरोबर खाली उभं राहिलं की परत ५जी, ९० च्या आसपास. एक पाऊल बाजूला सरकलं की संपलं.

यामागचं गणित नंतर समजून घेतलं. आपल्याकडं ५जी मुख्यतः रेडिओ लहरींच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्यात वेग भरपूर, पण ही लहर लांब जात नाही आणि जाड भिंतीत तिचा जीव जातो. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरते, पण तिच्यात तेवढा वेग नाही. २०२२ च्या लहरींच्या (स्पेक्ट्रमच्या) लिलावात तो ७०० चा पट्टा फक्त जिओनं घेतला. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं, तेव्हा जिओनं ५जी स्वतंत्र उभं केलं आणि एअरटेलनं ते आधीच्या ४जीच्या खांद्यावर बसवलं. म्हणून फोन घेताना नुसतं "५जी आहे का" विचारू नका. एन२८ (७०० चा पट्टा) आणि एन७८ (३३०० चा) हे दोन्ही बँड आहेत का, आणि एसए-एनएसए, म्हणजे स्वतंत्र आणि ४जीच्या खांद्यावरचं, दोन्ही चालतं का, ते विचारा. ज्या दुकानात मी फोन घेतला तिथल्या पोरानं हे ऐकून माझ्याकडं असं बघितलं, जणू मी ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स मागतोय. शेवटी मीच खोक्यावरचं बारीक वाचून काढलं. माझं सिम कुठल्या कंपनीचं ते सांगत बसत नाही. आमच्या टॉवरवर जे चांगलं ते तुमच्या गावात चांगलं असेलच असं नाही.

आता मुद्द्यावर येतो. फॉर्म लवकर निघतात का?

नाही.

आपले सरकारच्या पोर्टलवर दाखल्यासाठी कागद चढवायचा तर तो ७५ ते ५०० केबीच्या आत बसवावा लागतो. फोटो तर ५ ते २० केबी. ५०० केबी म्हणजे सुमारे ४ मेगाबिट. अपलोडचा वेग १० एमबीपीएस धरला तरी अर्ध्या सेकंदाचं काम. हे ४जीवर आरामात होतं. अर्धा सेकंद वाचवायला मी १३ हजार घातले! उलट माझा खरा वेळ जातो तो कागद ५०० केबीच्या आत आणण्यात. चार ठिकाणी दुमडलेला, हळदीचा डाग पडलेला सातबारा स्कॅन करायचा, कापायचा, बारीक करायचा, मग अक्षर दिसेना म्हणून परत मोठा करायचा. याला कुठल्याही नेटवर्कचा उपाय नाही.

आणि दुसरा वेळ जातो तो पलीकडच्या सर्व्हरपुढं. पीक विम्याची मुदत संपत आली की दिवसा ते गोल चाक फिरत राहतं. आम्ही केंद्रवाले मग रात्री दीडनंतर बसतो. एका अर्जामागं केंद्राला ४० रुपये मिळतात, आणि त्या ४० रुपयांसाठी पहाटे तीनला चहा करून बसलोय. २०२५ च्या खरिपात एक रुपयातला विमा बंद झाला, सोयाबीनसारख्या पिकांना शेतकऱ्याला परत विमा रकमेच्या २ टक्के हप्ता आला. तरी चाक तसंच फिरतं. शेजारी बसलेल्या अण्णांनी त्या चाकाकडं बघून विचारलं होतं, "हे ५जीचं हाय का ४जीचं?" मी म्हटलं, "अण्णा, हे मुंबईचं हाय." ओटीपीचंही तेच. तो एसएमएसनं येतो, त्याला तुमच्या ५जीशी काही देणंघेणं नाही. आला तर आला.

मग ५जी कुठंच कामाला आलं नाही का? आलं, आणि मला वाटलं नव्हतं तिथं आलं.

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. चुनखडी वेचायच्या दिवशी लाखानं माणूस असतो, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन. २०२५ च्या यात्रेत नारळ-प्रसाद घेतला, धाकट्या भावानं कोड स्कॅन केला. त्याचा ४जी फोन, चार काड्या रेंज, पण पैसे जाईनात. दुकानदार मावशी म्हणाल्या, "दोघं-तिघं असंच म्हणून गेले, पैसे काही आले नाहीत." मागं रांग तटलेली. माझ्या फोनवरून दोन सेकंदांत पैसे गेले. यात वेगाचा काही संबंध नाही. युपीआयला लागतो चिमूटभर डेटा. ४जीचा रस्ता माणसांनी तुंबलेला होता आणि ५जीचा रस्ता त्या दिवशी मोकळा होता, कारण तसले फोन अजून कमी. सगळ्यांनी ५जी घेतलं की हाही रस्ता तुंबणार असं मला वाटतं, पण तोवर मजा आहे. बाजाराच्या दिवशीही हाच अनुभव.

थोरली लातूरला शिकते, नीटची तयारी. तिच्या खोलीवर ५जी कडक चालतं. पण ती जे लेक्चर बघते त्याला चांगल्या चित्रासाठीसुद्धा ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतात. तिला फायदा वेगाचा नाही, रोजच्या डेटाचा. पूर्वी संध्याकाळी सातला फोन यायचा, "बाबा, दीड जीबी संपलं." आता येत नाही. (आता दुसऱ्या कारणांनी येतो, ते सोडा.)

इथं रिचार्जचं बघून घ्या. जुलै २०२४ मध्ये दर वाढले, तेव्हापासून जिओ काय आणि एअरटेल काय, अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनलाच मिळू लागलं. त्या वेळी जिओचा २८ दिवसांचा रोज दीड जीबीचा प्लॅन २९९ चा होता आणि २ जीबीचा ३४९ चा. म्हणजे ५० रुपयांचा फरक. दीड जीबीवालं रिचार्ज मारून "५जी फोन आहे पण नेट लवकर संपतंय" म्हणणारे माझ्याकडं रोज येतात. आणि अमर्याद म्हणजे वैयक्तिक वापरापुरतं, हे खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुकानाचं रोजचं ओझं त्याच्यावर टाकू नका. माझं दुकान फायबरवर चालतं, पण रस्त्याच्या कामात जेसीबीनं वायर तोडली की दोन-दोन दिवस फोनवर काढावे लागतात.

५जी बॅटरी मात्र खातं. आमच्या घरात तर ५जी दिसतं-जातं, दिसतं-जातं, आणि फोन दिवसभर तेच शोधत बसतो. संध्याकाळी चारला २० टक्के. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ४जीवर ठेवलं तर रात्रीपर्यंत पुरते. एप्रिलमध्ये हॉटस्पॉट लावून उन्हाच्या खिडकीत ठेवला होता, तर हातात धरवेना.

आणि लाइट. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मांजरा दुथडी भरून वाहत होती, लाइट गेली ती गेलीच. टॉवरची बॅटरी संपली तशी आधी ५जी गेलं, मग ४जी, मग नुसती फोनची टॉर्च उरली. लोक नुकसानीचे फोटो काढून बसलेले, पाठवायचे कुठून? रानात तर एरवीही ५जी नाहीच. टॉवरपासून दोन किलोमीटरवर माझं सोयाबीन, तिथून ई-पीक पाहणीचा फोटो जातो तो ४जीवरच, आणि नीट जातो.

तेव्हा आता कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो. जुना फोन चालतोय? मग राहू द्या. फुटलाय, बदलायचाच आहे? मग ५जीच घ्या, २०२५ मध्ये १० हजारांच्या पुढं-मागं मिळत होता. पण घ्यायच्या आधी गावातल्या कुणाचा तरी ५जी फोन मागून आपल्या घरात, आपण जिथं बसतो तिथं धरून बघा. ओसरीवर नाही.

माझ्यापुरता तोडगा मी काढलाय. वायर तुटली की हॉटस्पॉट चालू करून फोन माळवदाच्या त्या भोकाखाली टांगतो, आईच्या जुन्या शिंक्यात. तिथं ५जी पकडतं आणि टेबलापर्यंत वायफाय येतं. आईला आधी पटलं नाही. म्हणाली, "शिंक्यात दूध ठेवत्यात रं." गेल्या पावसाळ्यात मी बँकेत गेलो असताना अचानक आभाळ आलं. परत आलो तर भोकावर तिनं पत्र्याचं झाकण सरकवलेलं, शिंकं रिकामं, आणि फोन पिठाच्या डब्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला. ४जीवर.