टी-पेशी जागवायला आखूड पेप्टाइड की लांब?

पीएचडीला लागलेली भाची अडलीये: टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) लक्ष्य ओळखायला लावायचं, तर ९ अमिनो आम्लांचं पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) बनवू, की ३० चं?

बनवायला आखूड सोपं. अमिनो आम्लं एकेक करून जोडतात; दर जोडणी ९९ टक्के साधली, तरी ९ च्या साखळीत ९२ टक्के माल पूर्ण लांबीचा. ३० च्या साखळीत ७५. वर शुद्धीकरणाची डोकेदुखी.

पण आखूड पेप्टाइड, जुळणारा एचएलए (पेशीवरचा, टी-पेशीला पेप्टाइड दाखवणारा रेणू; माणसागणिक वेगळा) असला की कुठल्याही पेशीवर थेट जाऊन बसतं. सोबत सहउत्तेजनाचा (टी-पेशीला जागं व्हायला लागणारा दुसरा) इशारा नसेल, तर टी-पेशी जागायच्याऐवजी सुस्तावते. लांब पेप्टाइड आधी डेन्ड्रायटिक पेशीला (टी-पेशींना जागवण्यात तरबेज पेशीला, जी हा इशाराही देते) गिळून कापावं लागतं. शिवाय त्यात मदतनीस टी-पेशींसाठीचा (मारक टी-पेशींना बळ देणाऱ्या पेशींसाठीचा) तुकडाही मावतो. नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत बायकांना एचपीव्ही-१६ (कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) ची लांब पेप्टाइडं टोचली होती; काहीजणींचे योनिमुखावरचे कर्कपूर्व चट्टे पार गेले.

प्रयोगशाळेत एचएलए-ए२ (एचएलएचा एक प्रकार) च्या पेशींवर चाचणीच करायची असेल, तर आखूड घे. वेगवेगळ्या एचएलएच्या रुग्णांसाठी लस हवी असेल, तर लांबच; त्यातून वेगवेगळ्या एचएलएंना जुळणारे तुकडे निघू शकतात.