‘उद्यमनगर मेड’ लिफ्ट अडॅप्टर मागवताय? आधी हे वाचा

इन्स्टाग्रामवर ‘उद्यमनगर मेड, ५०० किलो टेस्टेड’ असं लिहून बाईकचे लिफ्ट अडॅप्टर विकणारं एक पेज आहे. त्याच्याकडून मी ३,४०० रुपयांना एक घेतला. उद्यमनगर म्हणजे कोल्हापुरातली वर्कशॉपची वसाहत. तिचं नाव काढलं की कोल्हापूरचा माणूस फार चौकशी करत नाही, हे त्या पठ्ठ्यानं बरोबर हेरलंय.

हे लागतं कशाला? माझी डॉमिनार ४००. वजन १९० किलोच्या आसपास, सेंटर स्टँड नाही. गगनबावड्याचा चिखल चेनमधून काढायला पॅडॉक स्टँड पुरतो, पण माझ्याकडचा मागचंच चाक उचलतो. फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपमधलं) बदलायचं किंवा कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, बघायचा तर पुढचं चाक अधांतरी पाहिजे. सीझर जॅक थेट खाली सारला तर भार ऑइल संपवर (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यावर) नाहीतर एक्झॉस्टच्या पाइपवर येतो. म्हणून मधे अडॅप्टर: जॅकवर बसणारी पट्टी आणि फ्रेमला खालून धरणारे दोन हात. त्या तुकड्यावर अख्खी गाडी असते आणि तिच्याखाली आपली बोटं.

‘डॉमिनारचा सेपरेट येतो’ म्हणून त्यानं जादा पैसे लावले होते. पार्सल फोडून नुसता खालून लावून बघितला, तर एक हात फ्रेमला टेकतोय आणि दुसरा सरळ पाइपवर. जाहिरातीत ८.८ ग्रेडचे, म्हणजे जादा ताकदीचे बोल्ट; तसल्यांच्या डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो. हातात आलेल्या बोल्टांच्या डोक्यावर ना आकडा, ना कंपनीची खूण.

मग तो घेऊन खऱ्या उद्यमनगरात गेलो. पेजवर दिलेल्या बोळात लेथवाले, ड्रिलवाले सगळे आहेत, हे नाव मात्र कुणी ऐकलेलं नाही. तिथल्या एका वेल्डिंगवाल्या मामांनी सांध्यावर ग्राइंडर धरला. काळा पावडर कोट उडाला, आणि ठिणग्या पडायच्या जागी भुकटी उडायला लागली. पुट्टी! खाली वेल्डिंगचे दोन-तीन ठिपके.

“भावा, नुसतं टॅक मारलंय आणि पुट्टी भरून रंगवलंय. ह्याच्यावर सायकलबी चढवू नगं.”

पेजवाल्याला फोन केला तर साहेब एकदम गोड. “दादा, माल परत पाठवू नका, पैसे लगेच टाकतो. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.” पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो द्यायलाच लागतो. एवढं सुनावल्यावर ब्लॉक झालो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. कुणी पिन टाकून बसला असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा.

घ्यायचाच असेल तर तुमच्याच मॉडेलखाली बसवलेला, गाडी उचललेल्या स्थितीतला खालून काढलेला व्हिडिओ मागा. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. खरं तर कोल्हापुरात राहून हे ऑनलाइन मागवायची गरजच नाही. त्याच मामांनी गाडीखाली झोपून माप घेतलं, १० एमएमची प्लेट कापली, माझ्यासमोर सांधा पूर्ण भरला आणि फ्रेमला चरे पडू नयेत म्हणून वर रबर लावलं. खर्च त्या पुट्टीवाल्यापेक्षा कमी.

ते पेज आता नाव बदलून चालू आहे. फोटो तेच आहेत, मागं हिरवा पत्रा आणि ‘५०० किलो’चं पिवळं स्टिकर.