दसऱ्याला आणलेल्या ग्रामप्रिया तलंगा : साडेपाच महिन्यांनंतर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबर २०२४ ला, आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, १३ ग्रामप्रिया तलंगा (अंड्यावर यायला आलेल्या तरुण कोंबड्या) उतरल्या. विकणाऱ्याच्या सांगण्यानुसार वय २० आठवडे, किंमत ३८० रुपये नग. आता होळी होऊन गेली, ऊन तापायला लागलं, आणि या कोंबड्यांनी एक अख्खा हिवाळा आमच्याकडे काढला. घेण्याआधी मी ज्यांना ज्यांना विचारलं, ते सगळे जातीबद्दलच बोलले. जात महत्त्वाची आहेच, पण थंडीत अंडी मिळतात की नाही हे पहिल्या तीन आठवड्यांवर आणि त्यानंतरच्या उजेडावर जास्त ठरतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून तेच जास्त लिहिते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं, कापूस-तूर-सोयाबीनचं. घरी आधीच तीन गावरान कोंबड्या होत्या. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली, अंड्यांची जात. अंडं तपकिरी येतं. परसात वर्षाला १६० ते १८० अंडी धरतात.

तलंगा टेम्पोतून तीन तासांचा प्रवास करून आल्या तेव्हा सगळ्यांच्या चोची उघड्या होत्या. आधी गुळाचं पाणी ठेवलं आणि तासाभराने खाद्य. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, पायाले सुतळी बांध न, नाई त पळतीन साऱ्या." आमच्याकडे तशीच रीत आहे. पण सुतळीने पाय सुजतो हे मी माहेरी पाहिलं होतं, म्हणून बांधल्या नाहीत. गुरांच्या कोठ्याच्या टोकाला जाळीचं खुराडं केलं होतं, त्यात दहा दिवस कोंडूनच ठेवल्या. गावरान कोंबड्यांपासून तर पूर्ण तीन आठवडे लांब. बाहेरून आलेल्या पाखरासोबत काय रोग येईल ते दिसत नाही.

त्यातली एक चौथ्या दिवशी मेली. मान खाली टाकून कोपऱ्यात बसली होती, सकाळी गेलेली. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टोचली आहे असं विकणाऱ्याने तोंडी सांगितलं होतं, पण चिठ्ठी मागितली तर "नंतर पाठवतो" म्हणाला, ती आजतागायत आली नाही. फोनही उचलत नाही. बाकीच्या वाचल्या हे आमचं नशीब. मला याचा अजूनही राग आहे, कारण त्याच्याकडून घेणारी मी एकटी नव्हते.

अकराव्या दिवशी दार उघडलं, तेही सूर्य मावळायला तासभर राहिला असताना. हे फार कामी आलं. कोंबडीला अंधार पडायच्या आत ओळखीच्या जागी परतायचं असतं, त्यामुळे एका तासात ती लांब जातच नाही. बराच वेळ बाराही जणी उंबऱ्यावरच थांबल्या, मग एकीने पाय बाहेर टाकला. दिवेलागणीला दहा आपापल्या आत गेल्या. दोघी तुराट्यांच्या (तुरीच्या वाळल्या काड्यांच्या) ढिगावर चढून बसल्या. त्यांना हाताने उचलून आत दांडीवर ठेवलं. असं तीन रात्री केलं, चौथ्या रात्री त्याही स्वतःहून आल्या. मग रोज अर्धा-अर्धा तास लवकर सोडत गेले.

दांडीचंही सांगते. आधी बांबूची बारीक काठी लावली होती, त्यावर त्या रात्रभर चुळबुळ करायच्या. मनगटाएवढी जाड, गोल घासलेली बाभळीची फांदी लावल्यावर शांत झाल्या. अशा दांडीवर बसलं की अंगाच्या पिसांखाली पाय झाकले जातात, आणि थंडीत ते लागतं.

खाद्यात मी एक चूक केली. त्या लेअर मॅशवर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या तयार दळलेल्या खाद्यावर) वाढलेल्या होत्या आणि मी तिसऱ्याच दिवशी ज्वारी आणि तुरीची चुनी (डाळ करताना उरलेला चुरा) सुरू केली. विष्ठा पातळ झाली, छातीचं हाड हाताला लागायला लागलं. परत मॅशवर आणलं आणि मग आठ-दहा दिवसांत थोडं थोडं करत बदललं. सकाळी मॅश, दिवसभर चरणं, संध्याकाळी डालायच्या (आत कोंडायच्या) वेळी मूठभर ज्वारी, असं बसलं. एका कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम लागतं, चरणं धरून. आपल्या भागातल्या लोकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगते. सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चं टाकू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो भाजल्या-उकडल्याशिवाय जात नाही. आणि सरकी ढेपेपासून (सरकीचं तेल काढून उरलेल्या पेंडीपासून) कोंबड्या लांब ठेवा. आमच्या दोन-तीन तलंगा गायीच्या गव्हाणीत चोच मारायच्या. त्या दिवसांतलं आठवडाभर ठेवलेलं अंडं फोडलं तर बलक शेवाळी निघाला. वास नव्हता, काही नव्हतं, फक्त रंग. सरकीतल्या गॉसिपॉलमुळे असं होतं. गव्हाणीला फळी लावल्यावर बंद झालं.

दिवाळीत फटाक्यांनी घात केला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बारा जणी एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या होत्या. मी तासभर तिथेच उभी राहून त्यांना वेगळं करत होते, नाहीतर खालची गुदमरली असती. त्यानंतर तुरे पुन्हा फिकट दिसायला लागले.

पहिलं अंडं ९ नोव्हेंबरला. त्याआधी तीन-चार दिवस एक तांबडी तलंग मी जवळ गेले की पळायच्या ऐवजी पंख थोडे फाकवून खाली बसायची, पाठीवर हात ठेवला तरी हलायची नाही. असं बसायला लागली की अंडं जवळ आलं. तुरा लालभडक झाला होता. जुन्या टोपल्यांत गव्हाचं कुटार (भुसा) घालून तीन जागा केल्या होत्या आणि प्रत्येकीत एक पांढरा गुळगुळीत गोटा ठेवला होता. अंडं गोट्याला टेकून पडलं होतं, लहानसं, लिंबाहून थोडं मोठं, बोटाला अजून ऊब लागत होती. सासूबाईंनी ते देवापुढे ठेवलं.

आता थंडी. डिसेंबरच्या सुरुवातीला गारठा वाढला तसं मी खुराड्याला चारी बाजूंनी पॉलिथीन गुंडाळलं. पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि डोळ्यांत पाणीच आलं, इतका विष्ठेचा उग्र वास. प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते, खालचं कुटार ओलं, दोन कोंबड्या शिंकत होत्या. कोंबडीला कोरडी थंडी सोसते. ओल आणि कोंडलेली हवा सोसत नाही. वरची हातभर पट्टी लगेच मोकळी केली, वारा अंगावर येतो ती उत्तरेची बाजू फक्त पराट्यांच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) ताटीने झाकली, कुटार बदलून एक वीतभर थर घातला. तो आता दर दोन दिवसांनी दाताळ्याने हलवते. शिंका आठवड्यात थांबल्या.

पण अंडी दिवसाला तीनच. गावात सगळे म्हणतात थंडीने कोंबडी अंडी सोडते. खरं कारण दिवस लहान होतो हे आहे. कोंबडीला अंडी देत राहायला १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम पावणे अकरा तासांचा. १० डिसेंबरला एक एलईडी बल्ब लावला. पहाटेचा, संध्याकाळचा नाही. संध्याकाळी बल्ब एकदम बंद झाला की ज्या दांडीवर चढलेल्या नसतात त्या अंधारात खालीच अडकतात. सुरुवात सकाळी सहापासून, मग दर आठवड्याला अर्धा तास मागे घेत चारपर्यंत आणलं. उजेड एकदम वाढवला नाही.

टायमर चकतीचा घेतला आणि तो पस्तावा झाला. लाईन गेली की चकतीही थांबते. तीन तास लाईन गेली की बल्ब दुसऱ्या दिवशी तीन तास उशिरा लागतो. पंधरा दिवस मी रोज चकती जुळवत बसले. शेवटी आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर आणला. बल्ब लागायच्या वेळी लाईन नसली तर त्यालाही इलाज नाही, पण निदान वेळ चुकत नाही.

वहीतली अंडी अशी: नोव्हेंबर ३८, डिसेंबर १३८, जानेवारी २१८, फेब्रुवारी २०५. सगळं बल्बचं श्रेय नाही, तलंगांचं वयही वाढत होतं. पण माझ्या जावेने त्याच टेम्पोतल्या सहा घेतल्या होत्या, खाद्य जवळपास सारखंच, बल्ब नाही. तिला जानेवारीत रोज एखाद-दुसरंच मिळत होतं. आमच्या तीन गावरान दोन वर्षांच्या. त्यांची पिसं नोव्हेंबरात झडायला लागली आणि बल्ब असूनही फेब्रुवारीपर्यंत एकही अंडं नाही. पीस म्हणजे बहुतेक प्रथिनच, नवी पिसं भरताना अंड्याला काही उरत नाही. त्यांना त्या काळात मारून-मुटकून अंडी मागू नयेत, खाद्य मात्र कमी करू नये. मी करडईची ढेप आणि थोडी सुकट दिली.

जानेवारीच्या सुरुवातीला दोनदा कवच नसलेलं, पिशवीसारखं मऊ अंडं सापडलं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या ताटलीत ठेवला. मॅशमध्ये मिसळायचा नाही, जिला हवा ती उचलते. घरातली टरफलंही तव्यावर भाजून, बारीक कुटून देते. तेव्हापासून नाही.

त्याच महिन्यात नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातल्या वाघांना बर्ड फ्लू झाल्याची बातमी आली आणि गावातली विक्री दोन आठवडे थांबली. अंडं पूर्ण शिजवून खाल्लं तर धोका नाही हे मी दारोदार सांगितलं, तरी १२ रुपयांचं अंडं कुणी आठलाही घेईना. आम्ही घरीच खाल्ली, मुलांच्या अंगी लागली.

या जातीच्या उणिवाही आहेत. ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाही (अंडी उबवायला बसत नाही), आमच्याकडे एकही झाली नाही. म्हणजे पिल्लं हवी असतील तर रवणावर बसवायला गावरान हवीच. आणि त्यांना जिवाची भीती कमी. डिसेंबरात भर दुपारी तुरीच्या धुऱ्यावर (बांधावर) मुंगसाने एक नेली. गावरान तिघी आधीच ओरडत पळाल्या होत्या, ही बघत उभी राहिली. आता दुपारी शेताकडचं फाटक बंद असतं.

या जातीला पाचपैकी चार गुण देईन. बल्ब अजून चालू आहे, कारण मार्चमध्येही दिवस बारा तासांचाच असतो आणि एकदम बंद केला तर पिसं झडायची भीती. पाण्याची भांडी मात्र निंबाखाली हलवली आहेत. पावसाळा संपता संपता आणखी सात तलंगा घ्यायच्या आहेत, दुसऱ्या माणसाकडून, आणि लसीची चिठ्ठी हातात पडल्यावरच पैसे देणार आहे.